कॅनडात शिकणाऱ्याच्या जोडीदाराला वर्क परमिट: कोणाला मिळतं, अर्ज कसा करायचा

मुलाचं किंवा मुलीचं कॅनडात मास्टर्सचं ठरलं, की घरात दुसऱ्याच दिवशी प्रश्न निघतो, "मग सूनबाईंना तिथं नोकरी करता येईल ना?" हल्ली उलटही असतं. शिकायला ती निघालेली असते आणि काळजी जावईबापूंच्या नोकरीची असते. २०२४ च्या मार्चपर्यंत उत्तर सोपं होतं. विद्यार्थी बहुतेक कुठल्याही मान्य कॉलेजात पूर्ण वेळ शिकत असला की जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे नोकरी करू देणारं परमिट, मिळायचं. त्या जोरावर पंजाबपासून पुण्यापर्यंत एजंटांनी दुकानं थाटली. आता ते दिवस गेले, पण जुन्या माहितीचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप फॉरवर्ड अजून फिरताहेत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. जोडीदाराला परमिट मिळणार की नाही, हे जोडीदारावर ठरत नाही. त्याची पदवी, अनुभव, आयईएलटीएसचा स्कोअर यांतलं काहीही या परमिटला लागत नाही. सगळं ठरतं ते शिकणाऱ्याने कोणता कोर्स निवडला यावर. त्यामुळे हा प्रश्न व्हिसाच्या अर्जाच्या वेळी विचारला तर उशीर झालेला असतो. कॉलेजांची यादी करता तेव्हाच तो विचारायचा.

पायरी १: कोर्स नियमात बसतो का?

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, नियम दोनदा आवळले. १९ मार्च २०२४ पासून कॉलेजातल्या डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांचे आणि बहुतेक पदवी अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांचे जोडीदार बाहेर पडले. २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सलाही कालावधीची अट लागली. आज मुख्य तीन गट उरले आहेत.

पहिला, पीएचडी. इथे कालावधीचा प्रश्नच येत नाही.

दुसरा, मास्टर्स, पण कोर्सची लांबी १६ महिने किंवा त्याहून जास्त हवी.

तिसरा, काही ठरावीक व्यावसायिक पदव्या: दंतवैद्यक, वैद्यक, पशुवैद्यक, ऑप्टोमेट्री, फार्मसी, कायदा, नर्सिंगची पदवी, बीएड आणि इंजिनिअरिंगची पदवी. बारावीनंतर बीएससी, बीबीए किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाणारे यात बसत नाहीत. मात्र पदवीवर बीईंग (BEng) किंवा बीएएससी (BASc) असं लिहिलेलं असेल तर सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगही चालतं. ही यादी बदलत आली आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी आयआरसीसीच्या संकेतस्थळावर ती पुन्हा एकदा वाचाच.

खरी फसगत दुसऱ्या गटात होते. कॅनडातल्या विद्यापीठांचं वर्ष चार-चार महिन्यांच्या टर्ममध्ये विभागलेलं असतं: फॉल सप्टेंबर ते डिसेंबर, विंटर जानेवारी ते एप्रिल, समर मे ते ऑगस्ट. चार टर्मचा कोर्स १६ महिन्यांचा, म्हणजे जेमतेम काठावर पास. तीन टर्मचा १२ महिन्यांचा, म्हणजे बाहेर. थिसिसवालं एमएससी किंवा एमएएससी बहुधा दोन वर्षांचं असतं, तिथे चिंता नाही. पण एमईंग (MEng), एक वर्षाचं एमबीए, मॅनेजमेंट आणि फायनान्समधली झटपट मास्टर्स हे सगळं नीट तपासायला हवं. काही कोर्सच्या माहितीत "१२ ते २० महिने" असं मोघम लिहिलेलं असतं. को-ऑप, म्हणजे कोर्सचाच भाग असलेली कंपनीतल्या कामाची टर्म, घेतलं तर लांबी वाढते, नाही घेतलं तर कमी होते.

अशा वेळी ऑफर लेटर उघडा आणि त्यात कोर्सची लांबी किंवा सुरू होण्याची व संपण्याची तारीख काय छापली आहे ते बघा. सुरुवात सप्टेंबर आणि शेवट पुढच्या वर्षीचा ऑगस्ट असेल, तर तोंडी कोणी काहीही सांगो, तो १२ महिन्यांचा कोर्स आहे. तारीख मोघम असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला ईमेल करा आणि तुमच्या प्रवेशाचा अधिकृत कालावधी किती महिने आहे, याचं रजिस्ट्रारकडून पत्र मागा. हे पत्र विद्यापीठं देतात आणि जोडीदाराच्या अर्जात त्याचा मोठा आधार होतो. कोर्स १२ महिन्यांचा असताना "मी सावकाश २० महिन्यांत करेन" हा युक्तिवाद मात्र करू नका.

आणखी एक घोटाळा हमखास होतो. ओंटारिओतल्या कॉलेजांत "ग्रॅज्युएट सर्टिफिकेट" नावाचे कोर्स असतात. आपल्याकडचे एजंट त्यांना "पीजी" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं मास्टर्स. ते मास्टर्स नाही. एकापाठोपाठ एक असे दोन कोर्स जोडून दोन वर्षं भरली तरीही नाही. कोर्स वाईट आहे असं मी म्हणत नाही, नोकरीसाठी तो चांगलाही असू शकतो. पण त्यावर जोडीदाराचं वर्क परमिट मिळत नाही, हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं.

ज्यांना आधीच्या नियमांनुसार परमिट मिळालं आहे, त्यांचं चालू परमिट रद्द झालेलं नाही. ते विद्यार्थ्याच्या स्टडी परमिटपेक्षा कमी मुदतीचं मिळालं असेल, तर त्या मुदतीपर्यंत जुन्याच निकषांवर वाढवून मागता येतं.

पायरी २: लग्नाचा पुरावा आणि नावांचा गोंधळ

जोडीदार म्हणजे कायदेशीर नवरा-बायको, किंवा सलग किमान १२ महिने एका घरात जोडप्यासारखे राहिलेले दोघे. दुसऱ्या प्रकाराला कॅनडात कॉमन-लॉ म्हणतात. त्यासाठी आयएमएम ५४०९ हे शपथपत्र आणि एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकच पत्ता असलेली बँक स्टेटमेंट्स, बिलं. समलिंगी जोडप्यांनाही तोच नियम. भारतात त्यांच्या लग्नाची नोंद होत नसल्याने त्यांच्यासाठी हाच रस्ता व्यवहार्य ठरतो. साखरपुडा झाला आहे, लग्न डिसेंबरात आहे, एवढ्यावर परमिट मिळत नाही.

लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच. लग्नपत्रिका, हॉलची पावती आणि अल्बम हे त्याला जोडायचे, त्याच्या जागी द्यायचे नाहीत. महाराष्ट्रात नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे, गावात ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो एवढी तयारी ठेवा. गावच्या गुरुजींना सहीसाठी गाठणं हेच अनेकदा सगळ्यांत अवघड काम ठरतं, म्हणून ते लग्नाच्या आठवड्यातच उरका. गोव्यात नागरी नोंदणी लग्नाचाच भाग असल्यामुळे गोवेकरांना ही धावपळ करावी लागत नाही. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारपुढे पहिली आणि दुसरी सही झालेली असते, त्याच नोंदीची प्रमाणित प्रत काढायची.

प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या, सोबत भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत जोडा. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, त्याचं इंग्रजी कितीही फर्डं असो.

आता मराठी घरांतला खास गोंधळ. लग्नाआधी स्नेहा दिलीप जाधव, लग्नानंतर स्नेहा अमित कदम. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. परदेशी अधिकाऱ्याच्या नजरेतून बघा: तीनपैकी दोन नावं वेगळी. डिग्री एका नावाने, आधार दुसऱ्या नावाने, पॅन तिसऱ्याच पद्धतीने, पासपोर्ट अजून माहेरचा. अर्जात पासपोर्टवर जे आणि जसं छापलं आहे तेच नाव भरायचं. बाकी प्रत्येक वेगळं नाव "पूर्वी वापरलेली नावं" या रकान्यात लिहायचं. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद असेल तर ती जोडा. नसेल, तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. लग्न होऊन परदेशी जायचं असेल तर नाव बदलण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर विवाह प्रमाणपत्र जोडून अर्ज व्यवस्थित होतो. उलट अर्धवट बदललेल्या कागदांनी महिनोन्महिने जातात.

पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. दोन वर्षांचा कोर्स आणि पासपोर्टची १४ महिनेच शिल्लक, असं असेल तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या.

पायरी ३: बरोबर जायचं की मागाहून?

दोन्ही मार्ग खुले आहेत. दोघांनी एकत्र अर्ज केला तर विद्यार्थ्याचं स्टडी परमिट आणि जोडीदाराचं वर्क परमिट सोबत तपासलं जातं. तोटा असा, की घरातली दोन्ही माणसं निघाली की "शिक्षण संपल्यावर हे परत जातील का" हा प्रश्न अधिकाऱ्याच्या मनात ठळक होतो आणि दाखवायचे पैसेही वाढतात. विद्यार्थी आधी गेला आणि पहिल्या टर्मनंतर जोडीदाराने अर्ज केला, तर हातात स्टडी परमिट, नोंदणीचं पत्र, मार्कशीट, भाड्याच्या घराचा करार असे खणखणीत पुरावे असतात. लहान मूल नसेल आणि चार-सहा महिने वेगळं राहणं जमत असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवेन. बर्फात घर शोधायचं काम एकट्याने झालेलं बरं, हाही त्यातला एक फायदा.

जोडीदार मागाहून येणार असला, तरी विद्यार्थ्याच्या पहिल्याच अर्जात त्याचं नाव लिहिलेलं असलंच पाहिजे. कौटुंबिक माहितीच्या फॉर्ममध्ये "सोबत येणार का" या रकान्यात "नाही" लिहायचं, पण वैवाहिक स्थिती लपवायची नाही. "अविवाहित लिहा, व्हिसा लवकर होतो" असा सल्ला देणारे महाभाग आहेत. कॅनडाच्या कायद्यात याला चुकीची माहिती देणं म्हणतात आणि त्याची शिक्षा पाच वर्षं प्रवेशबंदी आहे. पुढे पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या अर्जाच्या, वेळीही न दाखवलेल्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही, अशी वेळ येऊ शकते.

स्टडी परमिट मिळाल्यानंतर लग्न झालं असेल तर काहीच बिघडत नाही. फक्त लग्न खरं आहे हे दाखवायला थोडं जास्त साहित्य द्या: साखरपुड्यापासूनचे फोटो, त्यांत दोन्हीकडची माणसं दिसतील असे, कॉलची नोंद, एकत्र केलेला प्रवास. ५०० फोटो नकोत. तारीख आणि ठिकाण लिहिलेले पंधरा-वीस पुरतात.

पायरी ४: पैसे

जोडीदाराच्या अर्जाची फी अशी: वर्क परमिट १५५ कॅनेडियन डॉलर, ओपन वर्क परमिटचे १००, बायोमेट्रिक्सचे ८५. एकूण ३४०. गेल्या दहा वर्षांत कॅनडासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर बायोमेट्रिक्सचे ८५ वाचतात. मेडिकलचा खर्च वेगळा. १०० डॉलरची ओपन परमिटची फी भरायला लोक विसरतात, आणि अपुऱ्या फीचा अर्ज परत येतो.

शिल्लक दाखवायची रक्कम हा मोठा आकडा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून क्विबेक सोडून इतर प्रांतांत शिकायला जाणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला ट्यूशन फी आणि प्रवासखर्चाव्यतिरिक्त वर्षाचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. सोबत एक माणूस असेल तर २८,५०२. जोडीदार मागाहून अर्ज करत असला तरी दोघांचा खर्च कसा भागणार, हे अधिकारी बघतोच. "तिथे गेल्यावर जोडीदार कमावेल" हे नियोजनात धरू नका, न मिळालेल्या नोकरीचा पगार कोणी मोजत नाही. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक वीस लाख जमा झालेले दिसले, तर ते आले कुठून याचा कागद जोडा: एफडी मोडल्याची पावती, जमीन विकल्याचं खरेदीखत, वडिलांचं दानपत्र किंवा कर्जमंजुरीचं पत्र.

पायरी ५: अर्ज

अर्ज आयआरसीसीच्या संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन करायचा. भारतातून करत असाल तर मुख्य फॉर्म आयएमएम १२९५, कॅनडात राहून करत असाल तर आयएमएम ५७१०. वर्क परमिटच्या प्रकारात "ओपन वर्क परमिट" निवडा. मालक, पगार, पद यांचे रकाने आले की गोंधळू नका. ओपन परमिटला नोकरीची ऑफर लागत नाही आणि एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस नेमायला मालकाने मिळवायची सरकारी मंजुरी, तीही लागत नाही.

कागदांचा ढीग दोन गठ्ठ्यांत विचार करून लावा. एक गठ्ठा जोडीदाराचा: पासपोर्ट, फोटो, विवाह प्रमाणपत्र, कौटुंबिक माहितीचा फॉर्म, शिक्षण-नोकरीचे कागद. दुसरा विद्यार्थ्याचा: स्टडी परमिट किंवा त्याचं मंजुरीपत्र, प्रवेशपत्र, सध्या पूर्ण वेळ शिकत असल्याचं विद्यापीठाचं पत्र, मार्कशीट, फी भरल्याच्या पावत्या, घराचा करार, बँक स्टेटमेंट. आळस होतो तो दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि पात्रता नेमकी त्यावरच ठरते.

यावर एक पानी पत्र लिहा. त्यात पहिल्याच परिच्छेदात तीन गोष्टी सांगा: माझा जोडीदार अमुक विद्यापीठात अमुक मास्टर्स करतो आहे, कोर्स इतक्या महिन्यांचा आहे, त्याचा पुरावा अमुक क्रमांकाच्या कागदात आहे. अधिकाऱ्याला शोधायला लावू नका. सायबर कॅफेत मिळणारं, "युवर गुडसेल्फ"ने सुरू होणारं तीन पानी निवेदन टाळा.

मेडिकल फक्त आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच होते, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे नाही. भारतात राहणाऱ्याला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जायचं तर ती लागतेच. अर्जाआधीच करून घेतली तर वेळ वाचतो. तिचा निकाल साधारण १२ महिने चालतो. मेडिकल न करता कसंबसं परमिट मिळालंच, तर त्यावर शाळा, बालसंगोपन आणि आरोग्यसेवेत काम करता येणार नाही अशी अट छापली जाते. नर्स किंवा शिक्षिका असाल तर याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

फी भरली की बायोमेट्रिक्सचं पत्र येतं. त्यानंतर मुंबई, पुणे किंवा जवळच्या दुसऱ्या शहरातल्या व्हीएफएस केंद्रात वेळ घेऊन ठसे द्यायचे. व्हीएफएस ही ठसे आणि कागद गोळा करणारी खाजगी कंपनी आहे, ती निर्णय घेत नाही. तिथल्या काउंटरवर विकली जाणारी प्रीमियम लाउंज वगैरे सेवा घेतल्याने परमिट लवकर येत नाही.

एजंट लागतो का? साध्या केसमध्ये नाही. घ्यायचाच असेल तर कॅनडात परवाना असलेला सल्लागार, म्हणजे आरसीआयसी, किंवा वकील घ्या. परवाना देणाऱ्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सची नोंदवही ऑनलाइन कोणालाही बघता येते. त्यात नाव नसलेला माणूस तुमच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवत असेल, तर तिथून उठा.

नकार आला तर

नकारपत्रात बहुधा ठरावीक वाक्यं असतात: कौटुंबिक बंध, प्रवासाचा हेतू, आर्थिक स्थिती. आता काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणीही येते. ती नसेल तर कॅनडात असलेला विद्यार्थी जोडीदाराच्या लेखी संमतीने, पाच डॉलर भरून, माहितीच्या कायद्याखाली फाइलमधल्या नोंदी मागवू शकतो. त्या वाचल्याशिवाय दुसरा अर्ज टाकू नका. कारण बहुतेकदा साधं निघतं: कोर्सच्या लांबीचा पुरावाच जोडला नव्हता, किंवा पैशांचा उगम कळला नाही. तेवढं दुरुस्त करून नवा अर्ज करता येतो. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर फेडरल कोर्टाचा मार्ग आहे. कॅनडाबाहेरच्या निर्णयासाठी ६० दिवस, आतल्यासाठी १५. तिथे मात्र वकील हवाच.

पायरी ६: विमानतळावर

भारतात मंजुरी मिळाली म्हणजे वर्क परमिट हातात आलं असं नाही. मिळतं ते परिचयपत्र आणि पासपोर्टवर व्हिसा. खरं परमिट टोरांटो, व्हँकुव्हर, जिथे उतराल तिथल्या सीमा अधिकाऱ्याच्या टेबलावर छापून मिळतं. सोळा-सतरा तासांच्या प्रवासानंतर, दोन ट्रॉल्या आणि पेंगुळलेलं मूल घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि इथेच लोक "राहू दे, नंतर बघू" म्हणून तसेच बाहेर पडतात. तसं करू नका. परमिट न घेता बाहेर पडलात तर तुम्ही फक्त व्हिजिटर. पूर्वी अमेरिकेच्या सीमेला चक्कर मारून काम उरकता यायचं. २३ डिसेंबर २०२४ पासून तीही वाट बंद आहे.

पासपोर्ट, परिचयपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि विद्यार्थ्याचं ताजं नोंदणीपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. कागद मिळाला की टेबल सोडण्याआधी वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, संपण्याची तारीख, मालकाच्या जागी "ओपन" लिहिलंय का, खाली कसली अट आहे का. तारीख विद्यार्थ्याच्या स्टडी परमिटपेक्षा कमी दिसली तर तिथेच नम्रपणे विचारा. बाहेर पडल्यावर हीच दुरुस्ती पत्रव्यवहाराने महिने खाते.

पोचल्यावर सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात सोशल इन्शुरन्स नंबर घ्या. तो फुकट मिळतो, ९ ने सुरू होतो आणि परमिटबरोबर संपतो. विद्यार्थ्याला टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांचीच मुभा असते. जोडीदाराला अशी तासांची मर्यादा नाही. मात्र परमिट म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. नर्स, शिक्षक, फार्मासिस्ट, वकील यांना त्या त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडून वेगळं लायसन्स लागतं, त्याची तयारी भारतातूनच सुरू करा.

आरोग्यविम्याचं प्रांतागणिक वेगळं आहे. ओंटारिओत वर्क परमिटवाल्याला ओहिप, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, मिळायला तिथल्याच मालकाकडे पूर्ण वेळ, किमान सहा महिन्यांची नोकरी लागते. ती मिळाली की विद्यार्थी जोडीदारही त्यात येतो. तोवर विद्यापीठाच्या विमा योजनेत जोडीदाराचं नाव पैसे भरून घालावं लागतं आणि त्याला मुदत असते. ब्रिटिश कोलंबियात एमएसपी हा तिथला सरकारी विमा मिळतो, पण आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्या काळाचा खाजगी विमा घ्या. एका रात्रीच्या इमर्जन्सीचं बिल महिन्याच्या भाड्याहून मोठं येऊ शकतं.

कोर्स नियमात बसत नसेल तर

जोडीदार व्हिजिटर व्हिसावर येऊन राहू शकतो. अशा वेळी कॅनडातल्या मालकाकडे काम करता येत नाही, रोखीत दिलं तरी नाही. पण पुण्या-मुंबईतल्या कंपनीची नोकरी लॅपटॉपवरून चालू ठेवायला आयआरसीसीची हरकत नसते, जोवर मालक आणि पगार दोन्ही कॅनडाबाहेरचे आहेत. कंपनीची लेखी परवानगी घ्या, आणि मुक्काम लांबला की कॅनडात कर भरावा लागतो का, हे आधी सीएला विचारा.

दुसरा रस्ता थांबण्याचा. १५ फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांहून छोट्या मास्टर्सलाही, ते किमान आठ महिन्यांचं असेल तर, शिक्षणानंतर तीन वर्षांचं पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळू शकतं. म्हणजे १२ महिन्यांच्या मास्टर्सला जोडीदाराचं परमिट नाही, पण वर्षभरात विद्यार्थी स्वतः नोकरदार होतो, आणि मग जोडीदार विद्यार्थ्याचा नव्हे, कुशल कामगाराचा जोडीदार म्हणून अर्ज करू शकतो. एक वर्षाची फी वाचणं आणि एक वर्ष वेगळं राहणं, यांचा हिशोब ज्याने त्याने घरी बसून करायचा.

त्या अर्जाची अट वेगळी आहे आणि इथे १६ हा आकडा पुन्हा येतो म्हणून लोक फसतात. मास्टर्सच्या बाबतीत कोर्सची एकूण लांबी १६ महिने बघतात. नोकरदाराच्या बाबतीत जोडीदाराने अर्ज केला त्या दिवशी त्याच्या वर्क परमिटचे किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात. शिवाय कॅनडा सरकारने शिक्षण-अनुभवानुसार नोकऱ्यांच्या ज्या पातळ्या (टीअर) ठरवल्या आहेत, त्यांतल्या ० किंवा १ मधली नोकरी हवी, म्हणजे व्यवस्थापक किंवा पदवी लागणारी कामं: सॉफ्टवेअर इंजिनिअर, अकाउंटंट वगैरे. टीअर २ आणि ३ मधली निवडकच कामं चालतात. टिम हॉर्टन्ससारख्या कॉफीच्या दुकानात काउंटरवरची नोकरी त्यात धरली जात नाही. तेव्हा तीन वर्षांच्या परमिटपैकी पहिलं दीड वर्ष मिळेल त्या कामात घालवलं, तर नंतर चांगली नोकरी लागूनही जोडीदाराचा अर्ज करायला जेमतेम महिना-दोन महिने उरतात. नोकरी लागली की पहिल्या काही पगारपावत्या, मालकाचं कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र आणि नोकरीचा एनओसी कोड (कॅनडाच्या सरकारी वर्गीकरणातला त्या कामाचा क्रमांक) गोळा करा आणि लगेच अर्ज टाका.

जोडीदार आधीपासून तिथेच असेल आणि त्याचं परमिट विद्यार्थ्याच्या स्टडी परमिटबरोबर संपत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज जुनं परमिट संपायच्या आत जायला हवा. तसं केलं तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम करत राहता येतं. एक दिवस उशीर झाला तर त्या दिवसापासून काम थांबवावं लागतं. परमिटवरच्या तारखेच्या चार महिने आधीचा गजर दोघांच्याही फोनमध्ये लावून ठेवा.